हौसाक्काचं खळं

ही गोष्ट मी सांगायची नाही. आमच्या हायस्कुलात ती फक्त बास्केटबॉलच्या संघात निवड झालेल्या मुलींना सांगतात, आणि मी संघात नाही. मी फळ्यावर स्कोअर लिहिते. पण फळ्यापाशी बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं, आणि तुम्ही सकाळपासून मागे लागलाय, म्हणून सांगते. जवळ सरका, मला मोठ्यानं बोलता येत नाही.

फार वर्षांपूर्वी, आमच्या शाळेवर पत्रे नव्हते, कौलं होती, आणि तालुक्याची एसटी दिवसातून एकदाच यायची, तेव्हाची ही हकिकत. हरळगाव त्या वेळीही फुटबॉलचं वेडं होतं. पाऊस पडून चिखल झाला की हायस्कूलची पोरं मैदानात उतरायची, ती दिवाळीपर्यंत बाहेर यायची नाहीत. सामना असला की न्हावी दुकान बंद करायचा आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग कुंपणापाशी येऊन उभं राहायचं, असं म्हणतात.

दिवाळी झाली की फुटबॉल संपायचा आणि त्याच मैदानाचा एक कोपरा मुलींना मिळायचा, बास्केटबॉलसाठी. हा खेळ इंगवले सरांनी आणला. दोन सागाचे खांब त्यांनी पुरले आणि कडी कुठून आणायची म्हणून विहिरींवर फिरले. तेव्हा विहिरींवर इंजिनं येत होती आणि मोटा अडगळीत पडत होत्या. मोटेच्या तोंडाला लोखंडी कडं असतं, ती दोन कडी लोहाराकडून सारखी करून सरांनी खांबांवर बसवली. सगळं झालं, पण चेंडू उडेना. पोरांनी चार महिने जमीन अशी उखणलेली असायची, की चेंडू टाकला तर तो शेणाच्या पोसारखा तिथंच बसायचा. पोरं कुंपणावर बसून विचारायची, हा खेळ हाय का शेंगा पेरायलाय?

संघाची कप्तान होती मालन. तिची अकरावी, म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष. दोन वर्षं त्या मुली सराव करत होत्या आणि दोन वर्षांत एकही सामना खेळल्या नव्हत्या. बाहेरगावी पाठवायला कुणाचेच आईवडील तयार नव्हते, आणि इथं यायला दुसरी शाळा तयार नव्हती. शेवटी सरांनी पत्रांवर पत्रं लिहिली, तेव्हा तालुक्याहून उत्तर आलं. मार्गशीर्षातल्या अमुक रविवारी संघ येईल, बरोबर पंच येतील. पंच डोक्याच्या उंचीवरून चेंडू सोडतील. तो कमरेपर्यंत उडाला तर सामना तिथं, नाही तर तालुक्याला. आणि तालुक्याला म्हणजे कुठंच नाही, हे मालनला ठाऊक होतं.

आता हौसाक्का. ती शाळेत पाणी भरायची. पण गाव तिला ओळखायचं ते खळ्यांसाठी. मळणीचे दिवस आले की घरोघरून बोलावणं यायचं, कारण हौसाक्कानं केलेल्या खळ्याला वर्षभर चीर जात नसे. तिच्या खळ्यावर दाणा टाकला तर तो वाजायचा, असं म्हणतात. मात्र खळं तयार झालं, त्यावर धान्य पडलं, की हौसाक्कानं आत पाय ठेवायचा नाही. तिचा नवरा ती वीस वर्षांची असतानाच गेला होता, आणि विधवेचा पाय राशीला लागू नये अशी रीत होती. मळणी, वारवणी, राशीची पूजा सगळं ती बांधावरून बघायची, आणि तिच्या वाट्याचं सूपभर धान्य तिला बांधावरच मिळायचं. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. तिलाही त्यात काही वाटेनासं झालं होतं, निदान ती तसं म्हणायची.

पाणी भरताना ती मुलींचा सराव बघायची. चेंडू पुन्हा पुन्हा मातीत बसताना बघून एके दिवशी तिनं घागर खाली ठेवली आणि सरांना सांगितलं की ही जमीन उपाशी आहे, तिला आधी पाणी पाजा. मग कामच सुरू झालं. मुरूम आला, तळ्याची चिकणमाती आली. हौसाक्कानं अकरा मुलींना हात धरून ओळीनं उभं केलं आणि ओली माती तुडवायला लावली, सकाळी प्रार्थनेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर. मग लाकडी चोपण्यानं चोपलं. मग शेणाचं सारवण, एक हात आडवा, एक हात उभा, एक हात पुन्हा आडवा. कुंपणावरची पोरंही एकेक करून खाली उतरली आणि निमूटपणे पाणी वाहू लागली. गुरुवारी शेवटचा हात झाला. शुक्रवारी मालननं चेंडू टाकला तेव्हा तो तिच्या कमरेला लागला नाही, छातीला लागला. हौसाक्का पदरात तोंड घालून हसली. पण काही मुली म्हणाल्या की ती रडत होती.

आणि मग जे झालं ते फक्त हरळगावातच होऊ शकतं.

रविवारी सकाळी मुली हळदीच्या रंगाच्या ओढण्या कमरेला आवळून मैदानावर आल्या, तर कोर्टावर भाताचा ढीग. एका खांबाला सहा बैल बांधलेले. रात्रीच्या दवातच मळणी सुरू झाली होती आणि उजाडेपर्यंत उरकलीही होती. पिंजर, म्हणजे पेंढा, बाजूला झालं होतं, आता मध्ये भुशासकट रास पडलेली. राशीशेजारी तातोबा मगदूम पागोटं सारखं करत बसले होते. शाळेला जमीन त्यांनीच दिलेली. त्यांना कुणी खेळाचं काही सांगितलंच नव्हतं.

सर तसेच राशीपाशी धावले. तातोबांना उलट नवलच वाटलं. एवढं झकास खळं, बैल बांधायला तिवडाही पुरलेला, मग त्यावर भात टाकायचं नाही तर काय टाकायचं? कड्याचं काय ते त्यांना कळलं नव्हतं. बैलांचं दावं अडकवायला केलं असेल, असं त्यांनी धरलं होतं. सरांनी सगळं समजावून सांगितल्यावर म्हातारा खरंच ओशाळला. पण रास तशीच उचलायला तो तयार होईना. वारं देऊन भुसा उडाल्याशिवाय आणि पूजा झाल्याशिवाय रास खळ्यावरून हलत नाही. हलवली तर घरातली बरकत जाते, असं त्याचा बाप म्हणायचा आणि त्याच्या बापाचा बापही.

"मग द्या की वारं," मालन म्हणाली.

"आगं पोरी, वारं हाय कुठं?"

खरंच नव्हतं. पिंपळाचं पान हलत नव्हतं. चुलींचा धूर सरळ वर जात होता. वारवायला उभ्या केलेल्या तीन पायांच्या तिकाटण्यावर तातोबांचा गडी सूप घेऊन चढला, सूप हलवलं, आणि भुसा दाण्यांबरोबरच खाली त्याच्याच पायावर पडला. दहा वाजले, अकरा वाजले. चार वाजता पंच येणार होते. गावातली माणसं जमली. कुणी शीळ घातली, कुणी नारळ कबूल केला. वारं आलं नाही.

हौसाक्का नेहमीसारखी कडेला उभी होती, बरोबर सारवण संपतं त्या रेघेच्या बाहेर. ती तातोबांना एवढंच म्हणाली की वारं कुणीकडून येणार ते मला कळतंय, गडी चुकीच्या तोंडानं उभा राहिलाय. तातोबा वर न बघता म्हणाले, "आक्का, तू तिथनंच सांग. आत येऊ नको."

 हौसाक्कानं मान खाली घातली आणि एक पाऊल मागेच घेतलं. ते मालननं बघितलं. चोपणं धरून त्या हातांना आलेले फोडही तिनं बघितले होते. ती राशीला वळसा घालून पलीकडे गेली, आणि सगळ्या गावासमोर तिनं हौसाक्काचा हात धरला.

"हे खळं न्हाई, आक्का. हे मैदान हाय. हितं कुणीबी येतंय."

 हौसाक्कानं तातोबांकडे बघितलं. तातोबांनी राशीकडे बघितलं, मग पोरींकडे, अकराच्या अकरा. बराच वेळ त्यांनी पागोट्याचा शेव चाचपला. मग ते उठले, पायातल्या वहाणा आधीच काढलेल्या होत्या तरी पाय झटकले, आणि गड्याच्या हातातलं सूप घेऊन त्यांनी हौसाक्कापुढे केलं. "चल तर," ते म्हणाले. "बघू वारं कुणाचं ऐकतंय."

हौसाक्कानं रेघ ओलांडली. आधी उजवा पाय, मग डावा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तळव्याला दाणे लागले. ती तिकाटण्यावर चढली, पूर्वेकडे पाठ केली, सूप डोक्यावर धरलं आणि डोळे मिटले. आधी पिंपळ सळसळला. मग कौलं वाजली. मग असं वारं सुटलं, की भुसा सोन्याच्या धुरळ्यासारखा उठला आणि वेशीबाहेर जाऊन पडला, पण एकाही बघणाऱ्याच्या डोळ्यात कुसळ गेलं नाही, असं म्हणतात. राशीची पूजा झाली. रास उचलताना बोलायचं नसतं, म्हणून अकरा मुलींनी, फुटबॉलच्या पोरांनी आणि अख्ख्या गावानं तोंडातून शब्द न काढता पाट्या भरल्या. तातोबांनी माप घातलं तर नेहमीच्या दुप्पट भरलं. ते पुढं मरेपर्यंत हेच सांगत, आणि त्यांचे शेजारी मरेपर्यंत हसत.

बैलांच्या खुरांनी खळं मोडलं नव्हतं. उलट ते तांब्याच्या परातीसारखं घट्ट झालं होतं. चार वाजता पंच आले, त्यांनी चेंडू सोडला, आणि तो उडून त्यांच्या टोपीला लागला. मग सामना झाला. जिंकलं कोण, ह्यावर अजून भांडणं होतात. मी जुन्या वह्या काढून बघितल्या, त्या वर्षाचं पान नाही. पण मालन खेळली. आणि मध्यांतरात हौसाक्का पाणी द्यायला आली ती कडेनं वळसा घालून नाही, मैदानाच्या मधून आली.

हौसाक्का पुढं खूप जगली. अजूनही आमच्याकडे दिवाळीनंतर फुटबॉलचे खांब निघाले की मुली कोर्टाचा मधला गोल सारवतात. खाली सिमेंट आहे, तरी सारवतात. ते वाळलं की पहिलं पाऊल संघातल्या मुलीचं पडत नाही. ज्या बाईला गावात हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, अशा एका बाईच्या घरी सगळ्या मुली मिळून जातात आणि तिला हाताला धरून आणतात. ती गोलात उभी राहते, चेंडू वर टाकते, आणि तिथून मोसम सुरू होतो. त्या वेळी सगळे तिला आक्काच म्हणतात, तिचं नाव काहीही असो.

यंदा त्या आमच्या घरी आल्या. आई आधी नको म्हणाली. मला तर लाजच वाटली, संघात नसताना. मग कप्तान म्हणाली की तसला काही नियम नाही, आणि आईनं पेटीतून निळं लुगडं काढलं, जे बाबा गेल्यापासून तीन वर्षांत तिनं...

आले, आले. बोलावतायत मला. आई आलीय म्हणे, पण रेघेच्या बाहेरच थांबलीय, तिला आत आणायला मी जरा...