जैतूच्या शिडाखालचं पाणी

फार वर्षांमागं, होड्या फक्त वाऱ्यावर चालायच्या त्या काळी, सुरदांडा गावात जैतू नावाचा कोळी राहत होता. एकदा तो आणि त्याचा मित्र लाडकू वादळात भरकटले. चहूकडं पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही. लाडकू तहानेनं गेला. जैतूला लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलं.

गाव त्याला काही बोललं नाही. पण जाळी विणणाऱ्या माणसांत तो येऊन बसला की बोलणं थांबे. लाडकूची आई चांगीआय मात्र म्हणाली, "शेवटचा घोट कुणी घेतला रं?"

तो लाडकूनंच घेतला होता. पण मेलेल्याच्या नावावर घोट कसा घालायचा, म्हणून जैतू गप्प राहिला.

मग तो खाडीच्या टोकाला एकटा राहू लागला. होडीचं शीड त्यानं छपरासारखं ताणलं. समुद्राचं पाणी पिता आलं पाहिजे, एवढाच त्याला ध्यास. वाळूतून गाळलं, कोळशातून गाळलं, तरी खारटच. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो मडक्याशी बोले, असं म्हणतात.

एकदा तो मिठासाठी खारं पाणी आटवत बसला होता. गालावर थेंब पडला. आपणच रडतोय असं त्याला वाटलं. चाखला, तर गोड. वर पाहिलं, तर वाफेनं शीड ओलं झालेलं.

लपून बघणारी वाडीतली पोरं हळूहळू चुलीजवळ आली.

"जैतूकाका, यातलं मीठ कुठं गेलं?"

"मडक्यात बसलंय. त्याला उडता येत नाय."

शीड वरून गार पाण्यानं भिजवलं की थेंब भराभर पडतात, हे पोरांनीच शोधलं. पण प्यायची मनाई होती. त्याच्या हातचं घ्यायचं नाही, असं आयांनी बजावलं होतं.

पुढं मोठं उधाण आलं आणि गावाच्या विहिरीत समुद्र शिरला. घसे सुकले, तरी जैतूकडं कुणी गेलं नाही. शेवटी तोच वाटी घेऊन चांगीआयच्या दारी गेला.

"तवा का नाय सुचलं तुला?" ती म्हणाली.

"तवा चूल नव्हती, आये. आन् एकटा पडल्यावर सुचलं."

तिनं वाटी हातात घेतली. मग अर्धं पाणी प्याली आणि वाटी त्याच्यापुढं धरली. "घे. शेवटचा तू घे."

त्यानंतर सारं गाव त्या चुलीशी आलं. विहिरीचं पाणी गोड होईपर्यंत ते एक मडकं सगळ्यांना पुरलं, असं म्हणतात. पुढं जैतू शीड उभारून निघून गेला. भरकटलेल्या होड्यांना आजही दूर समुद्रात चुलीचा धूर दिसतो, म्हणतात.

सुरदांड्यात अजून मोठं उधाण ओसरलं की शाळेतली पोरं किनाऱ्यावर चूल मांडतात आणि फुंकणीसाठी भांडतात. वाटीभर पाणी जमायला दुपार जाते. ते देवाला वाहत नाहीत. गावात जो कुणी एकटा राहतो, त्याच्या घरी जैतूच्या नावानं नेतात, आणि तो पिईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहतात.