सड्यावरची काळ्या गोट्यांची रास

इथे सड्यावर, या डोंगरमाथ्याच्या पठारावर, सगळा लाल कातळ. त्यात ही काळ्या, गुळगुळीत गोट्यांची रास लगेच डोळ्यांत भरते. पाहुणे विचारतात, हा कुठला देव? देव नाही हो. बसा सावलीत, सांगते.

फार पूर्वी गावात आवडा नावाची सून आली. पाळी आली की तिच्या पोटात अशी कळ उठे की उभं राहवत नसे. तिच्या सासूला, मंजुळेला वाटे, पोरगी कामचुकार आहे. एकदा बांध घालायला नदीतून दगड आणायचे होते आणि नेमकी आवडा कण्हत पडली. मंजुळा म्हणाली, "सोंगा पुरे. दगड आले नाय, तर उद्या म्हायेराला धाडतंय, ती कायमची." माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. ती मुकाट्याने निघाली.

नदीकाठी उन्हात तापलेला एक गोटा तिने उचलून पोटाशी धरला. चढ चढून इथवर आली आणि गोटा तसाच आवळून खाली बसली. शेक लागून कळ हळूहळू ओसरली, म्हणे. मंजुळा तणतणत आली, पण तिला तसं बसलेलं पाहून शेजारी टेकली. मग म्हणाली, "माजा प्वाट पन असाच दुकायचा. आयेन सांगितलान, दात आवळून रव. मी आवळले."

विटाळ न मानता तो गोटा सासूने स्वतः घरी नेला. असं सांगतात, की पाळी सरेपर्यंत तो निवलाच नाही. निवेल कसा? त्या दिवसांत सुनेला चुलीला शिवायची बंदी, म्हणून मंजुळाच हातातलं काम टाकून तो सारखा चुलीकडेला तापवत होती. चमत्कार म्हणायचा तर एवढाच.

तेव्हापासून घरात सून आली की ओटी भरण्याआधी सासू तिच्या हातात नदीतला एक गोटा देते. शेकाने भागलं नाही, अंगावरून फार जाऊ लागलं, तर दवाखान्यात न्यायचं, तेही सासूनेच. पाळी कायमची गेली की आपला गोटा इथे आणून ठेवायचा.

हा माझ्या सासूचा. ती आता नाही. माझा गोटा तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची, त्या फडक्याला धुराचा वास यायचा. तो वास अजून आठवतो. शेजारचा माझा. सुटले म्हणून हसायचं सोडून, तो ठेवताना मी रडले.

आता घरोघर रबरी पिशव्या आल्यात. तरी आजही नवी सून गोटा हातात घेऊन विचारते, याचं काय करायचं? आणि आजही सासूला आधी, चारचौघींत, तोंडाने सांगावं लागतं, "माजा पन दुकायचा."