शेंदराची रेघ

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर पाळत ठेवून होता. गुरू म्हणजे कुणी जटाधारी नव्हे. मोटारी दुरुस्त करता करता केस पांढरे झालेला तो एक वृद्ध कारागीर होता आणि सगळे त्याला वस्ताद म्हणत. शिष्याला शर्यतीची गाडी बांधायची होती, पण खिशात म्हणाल तर खडखडाट. म्हणून मोडीत निघालेल्या जीपचा सांगाडा, कोंबड्यांचे खुराडे होऊन बसलेल्या एका मोटारीचे इंजिन आणि कुठल्याशा स्कूटरचे आसन असा संसार दोघांनी मिळून जमवला होता. घाटातली शर्यत तोंडावर आली होती. "पहिल्या तिघांत आलास तर आपलं गॅरेज तुझं. नाहीतर मुकाट्यानं मामाच्या किराणा दुकानात बसायचं," असे वडिलांनी बजावले होते.

संशयाची सुरुवात झाली ती भोकांपासून. वस्तादांनी पेडलांना भोके पाडली, दारे उपटून टाकली, आणि शिष्याने मजबुतीसाठी हौसेने जोडलेल्या लोखंडी पट्ट्या एकेक करून काढायला घेतल्या.

"वस्ताद, गाडी बांधताय की चाळणी?"

"हलकी पाहिजे बाळ. आपलं इंजिन म्हातारं आहे, त्याच्या पाठीवर ओझं नको. जिथं बळ लागतं तिथलं मी काही काढलेलं नाही."

उत्तर सरळ होते. पण मनात एकदा पाल चुकचुकली की सरळ उत्तराचाच माणसाला जास्त संशय येतो.

काढलेले लोखंड वस्ताद पिशवीत घालत आणि जेवण झाले की भंगाराच्या व्यापाऱ्याकडे जात. या व्यापाऱ्याचा भाचा त्याच शर्यतीत उतरणार होता, तोही तयार विकत आणलेली कोरी करकरीत गाडी घेऊन. एके दुपारी शिष्य वस्तादांच्या मागोमाग गेला आणि पत्र्याच्या फटीतून आत डोकावला. वस्ताद ऐटीत चहा पीत होते, व्यापारी हसत होता आणि शिष्याने घासूनपुसून बसवलेली पट्टी काट्यावर पडली होती. म्हातारा फितूर झाला! भाच्याला जिंकवण्यासाठी आपली गाडी आतून पोखरतो आहे, आणि वर आपलेच लोखंड विकून चहा ढोसतो आहे. हे सारे त्याला इतके लख्ख दिसले की आत जाऊन विचारण्याची गरजही वाटली नाही.

त्या दिवसापासून त्याला वस्तादांची प्रत्येक सवय खुपू लागली. नट आवळून झाला की तेलात कालवलेल्या शेंदराची एक बारीक रेघ नटावरून बोल्टवर ओढायची, अशी त्यांची पद्धत होती. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि तो सैल झाल्याचे कळते. शिष्याला आता तेही ढोंग वाटू लागले. शेवटी वस्ताद बाहेर गेल्याची संधी साधून त्याने आसनाखाली दोन जाडजूड पट्ट्या बसवल्या. एक कान दाराकडे ठेवून, घाईघाईत बसवल्या आणि वर गोणपाट अंथरले. आता म्हातारा आपले काय बिघडवणार आहे, असे म्हणत तो समाधानाने घरी गेला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. पहिल्याच चढाला गाडी धापा टाकू लागली. वस्ताद उतरून एवढेच म्हणाले, "चल, शेठकडे. मोठ्या काट्यावर घेऊ."

शिष्याला वाटले, आता तर उघड उघड शत्रूच्या दारात! पण व्यापाऱ्याने हसतमुखाने गाडी काट्यावर घेतली.

"या वस्ताद. रोज तुकडे तोलत होतात, आज अख्खी गाडी?" आणि शिष्याकडे वळून म्हणाला, "काढलेलं लोखंड घ्या नि ब्रेकचे नवे पाइप द्या म्हणून डोकं खाल्लं यांनी माझं. एक तोळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आमचा भाचा गाडी विकत घेऊन मोकळा झाला. त्याला काट्याची आठवणसुद्धा नाही."

शिष्याने चाकांजवळ वाकून पाहिले. पाइप खरोखरच नवे होते. इतके दिवस त्याने नटांवर पाळत ठेवली, आणि हे काही दिसलेच नव्हते.

काट्याचा आकडा वस्तादांच्या हिशेबापेक्षा बराच जास्त भरला. त्यांनी शिष्याच्या हातात पाना दिला, "जास्तीचं असेल ते काढ," म्हणाले, आणि पाठ फिरवून चहाला बसले.

शिष्याने गोणपाट उचलले. त्याने लपवून बसवलेल्या दोन्ही पट्ट्यांच्या प्रत्येक नटावर शेंदराची बारीक, सरळ रेघ ओढलेली होती. नट इतके घट्ट होते की पान्याला लटकावे लागले. घाईत त्याने स्वतः एवढे कधीच आवळले नव्हते.

तो वस्तादांसमोर येऊन उभा राहिला. शरमेने त्याला वर बघवेना.

"तुम्हाला ठाऊक होतं. मग काढून का नाही टाकलंत?"

वस्तादांनी कप खाली ठेवला. "मी काढल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी तू त्याहून जाड लावल्या असत्यास. लोखंड मी काढू शकतो बाळ, संशय नाही. तो ज्याचा त्यानंच काढायचा असतो. पण तू नट सैल ठेवले होतेस. उतारावर पट्टी सुटून पायाखाली आली असती तर ब्रेक दाबता आला नसता. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी तुला मरू द्यायचं होतं का?"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने पुन्हा वाकून उरलेले नट एकेक करून सोडवले. शर्यतीत त्याचा तिसरा क्रमांक आला आणि मामाच्या दुकानाला दुसरा माणूस शोधावा लागला.

आज ते गॅरेज त्याचे आहे. वस्ताद आता नाहीत. भिंतीवर एक जाड लोखंडी पट्टी टांगलेली असते, नटबोल्टांसकट. हे कोणत्या गाडीचे, असे कुणी विचारले की तो रेघेवरून बोट फिरवतो.

"माझ्याच," तो सांगतो. "लावली मी होती. आवळली मात्र वस्तादांनी."