खिंडीचं दान

एकदा एका खोऱ्यात गुलाल उधळला जात होता, आणि त्याच वेळी तिथल्या मठातल्या वृद्ध साधूने डोक्यावर थंड पाण्याची घागर ओतून घेतली. माणूस गेल्याची वार्ता आली की असं स्नान करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे त्याचा शिष्य राणू नाचणं सोडून, गुलालाने माखलेला तसाच धावत आला.

“बाबा, कोण गेलं?”

“अजून कोणी नाही,” बाबा म्हणाले, आणि धोतर पिळू लागले.

राणूला राग आला. आजच्या शुभ दिवशी हे अभद्र कशाला?

दिवस शुभ का, तर लढाई टळली होती. खोऱ्याच्या तोंडाशी एक खिंड होती. खिंडीत खिंडवाडी नावाचं लहानसं गाव, आणि त्या गावाची जुनी दगडी भिंत. भिंतीपलीकडे एका सरदाराचा मुलूख. मागल्या पिढीत त्या मुलखाशी युद्ध झालं होतं. खोरं जिंकलं, पण घराघरातली तरणी पोरं गेली. खोऱ्याच्या पाटलाचे तर दोन्ही मुलगे गेले. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या नाकात वेसण घातली, ती जरा जास्तच घट्ट. तो सल उराशी धरून नवा सरदार मोठा झाला. आधी त्याने ओढ्याकाठच्या कुरणात भालेकरी आणून बसवले. तिथे हत्यार आणायचं नाही असा करार होता. लोक म्हणाले, कुरण त्याचंच आहे, बसेना का. मग त्याने खिंडवाडीची भिंत मागितली. भिंतीलगत माझे भाऊबंद राहतात, त्यांचा छळ होतो, म्हणे. भिंत द्या, नाहीतर रणात भेटा.

पाटील उतारवयात घोड्यावर बसून पुन्हा पुन्हा सरदाराच्या दारी गेला आणि अखेर भिंत देऊन आला. सरदाराने बेलभंडारा उचलून शपथ घेतली, यापुढे काही मागणार नाही. झालं. हलगी कडाडली. राणूला तर आनंद मावेना, कारण लढाई झाली असती तर त्याला भालेकऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभं राहावं लागलं असतं, आणि घरी आई एकटी.

पाटलाच्या घोड्यामागून खिंडवाडीचा नाईक पायी येत होता. बोलणी चालली होती तेव्हा त्याला बाहेर घोड्यांपाशी बसवलं होतं. आपल्या गावाची भिंत गेली, हे त्याला घोडे राखणाऱ्याकडून कळलं. राणूने आनंदाच्या भरात मूठभर गुलाल त्याच्याही पागोट्यावर टाकला होता. त्या माणसाने तो झटकलासुद्धा नाही.

बाबांनी ओलेत्यानेच नाईकाला हाताला धरून मठाच्या ओट्यावर बसवलं आणि पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात, तो हा कडू घास.

“हे काय चाललंय, बाबा?” राणूने विचारलं.

“आज तुला सांगून ऐकू यायचं नाही. हलगी फार वाजतेय.”

थंडी सरते न सरते तोच सरदाराने उरलेली खिंडवाडी गिळली. अडवायला भिंतच नव्हती. पुढच्या सुगीला त्याचे भालेकरी खोऱ्यात उतरले. बेलभंडारा कुठे गेला, देव जाणे. राणूचा बालमित्र पहिल्याच दिवशी पडला.

मग गावाचं तोंड फिरलं. ज्या पाटलाला खांद्यावर घेऊन नाचले, त्याच्याच दारावर शेण पडलं. राणूही जखमी दंडाला फडकं बांधून मठापुढून निघाला, तो हातात धोंडा घेऊनच.

“कुणीकडे?” बाबांनी हटकलं.

“पाटलाकडे. भेकड म्हातारा. विकलं त्याने आपल्याला.”

“भेकड? दोन पोरं सरणावर ठेवलेला माणूस आहे तो. तुला ठेवावं लागू नये म्हणून त्या वयात घोड्यावर बसला. हाडं खिळखिळी झाली त्याची. तू बसला होतास?”

राणूने धोंड्याचा हात पाठीमागे नेला.

“शांती मागणं पाप नव्हे, लेकरा. वेसण घट्ट बसलीय हे त्याला कळत होतं, म्हणून सैल करायला गेला. जनावर कोणतं आहे ते मात्र पाहिलं नाही. आणि आपल्या ताटातलं दिलं तर ते दान. शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून दिलं तर त्याला काय म्हणतात, तूच सांग. इथे तर ताटातलं नव्हे, घराचं दार उचलून दिलं, आणि ज्याचं दार त्याला घोड्यांपाशी बसवलं. मढं त्याच दिवशी पडलं होतं. कुणाचं, एवढंच ठरायचं होतं. म्हणून मी पाणी घेतलं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“कुणाशी बोलू? हलगीशी?” बाबांनी त्याचा सदरा पुढे ओढला. काखेपाशी गुलालाचा डाग अजून होता, धुऊन धुऊन फिका पडलेला. “हा गेला की मार धोंडा.”

राणूने धोंडा खाली ठेवला. बाबांनी फडक्यात भाकरी बांधून त्याच्या हाती दिली. “पाटलाला नेऊन दे. त्याच्या घरी चूल पेटलेली नाही, आणि शेजारी कोणी फिरकायचा नाही.”

पाटील आत अंधारात भिंतीला टेकून बसला होता. त्याने भाकरीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. म्हणाला, “खिंडवाडीची माणसं धर्मशाळेत येऊन पडलीत. त्यांना विचारलंस का?”

“नाही.”

“मग आधी त्यांना विचार.”

राणूने भाकरी पुन्हा बांधली आणि तो धर्मशाळेकडे वळला. उद्या भाला घेऊन जायचंच होतं, त्यातून सुटका नव्हती. हे काम मात्र आजचं होतं, किंबहुना कधीचंच राहिलेलं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात चेक लोकांचा डोंगरपट्टा, त्यातल्या तटबंदीसकट, बड्या देशांच्या पुढाऱ्यांनी शेजारच्या हुकूमशहाला असाच परस्पर देऊन टाकला होता. चेक माणसं तेव्हा बाहेर ताटकळत होती, आणि मोठमोठ्या राजधान्यांत लोक हर्षाने रडत होते. त्या पुढाऱ्यांना शिव्या घालणं आज फार सोपं झालंय. घालाव्यात, पण आधी आपला सदरा पाहावा.