निर्गुडीची फांदी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही. एवढे मात्र सगळे सांगतात, की ते गाव एका पाटावर जगत होते. डोंगरातून निघालेला पाट पार शेवटच्या वाडीपर्यंत जायचा. त्याचे पाणी पोहोचेल तिथवरच पीक उभे राहायचे.

पाटाला एकच वैरी होता, घूस. मातीचा काठ पोखरून घुशी आत शिरत, आणि मग दोन संकटे एकदम येत. घुशी धान्यापर्यंत पोहोचत आणि पाणी बाहेर वाहून जाई. म्हणून जुन्या माणसांनी दोन्हींसाठी एकच इशारा ठरवला होता. काठावर राखणीच्या झोपड्या होत्या आणि प्रत्येक झोपडीत एक पितळी थाळा. भोक दिसले की पहिला थाळा वाजे. तो ऐकून पुढचे दोन वाजत, त्यांचे ऐकून चार. त्या आवाजाने धुरीवाले शेणी पेटवून धावत आणि त्याच आवाजाने चिखलवाले पेंढा कालवलेला चिखल घेऊन येत. धुराने घूस गुदमरे, चिखलात ती अडकून पडे आणि भोकही बुजे.

पहिला थाळा हौसाबाईचा होता. तिचे कान तिखट आणि हात त्याहून चपळ. आपल्या चपळाईचा तिला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर जरा जास्तच होता. जुनी रीत अशी, की काठाचा जो भाग धड असेल तिथे राखणदारांनी निर्गुडीची फांदी लावायची. फांदी दिसली की समजायचे, इथे सगळे ठीक आहे, थाळा खाली ठेवा. हौसाबाईला हे सगळे वेळखाऊ वाटे. फांद्या लावत बसलो तर तेवढ्यात घुशी अख्खा पाट खाऊन टाकतील, असे ती म्हणे. तिचे पाहून बाकीच्यांनीही ती रीत सोडली. जुन्या फांद्या वाळून गेल्या, नव्या कोणी लावल्या नाहीत.

एका वर्षी भात पोटरीत आले असताना घूस शिरली. थाळे वाजले, धूर झाला, चिखल पडला आणि दुपारच्या आत घूस मेली. गोष्ट तिथेच संपायची. पण शेणींच्या आगीने शेजारचा चांगला काठ भाजून निघाला आणि त्याला भेगा गेल्या. भेगा पाहून राखणदारांना वाटले, आणखी घुशी आल्या. पुन्हा थाळे, पुन्हा धूर, पुन्हा चिखल. चिखलाचे ढीग बघून पुढच्या राखणदाराला वाटले, इथे तर भगदाडच पडले असणार, आणि त्यानेही थाळा उचलला. घूस एकही उरली नव्हती, तरी गाव आठ दिवस घुशींशी लढत होते.

नवव्या दिवशी शेवटच्या वाडीतून हौसाबाईची लेक शेवंता आली. तिच्या खांद्यावर चार महिन्यांचे बाळ होते.

"आई, चार दिवस वाडीला पाण्याचा थेंब नाही," ती म्हणाली. "भात पिवळे पडायला लागले. एवढी कुठली घूस शिरलीय तुमच्याकडे?"

हौसाबाई लेकीबरोबर काठाने चालत निघाली. पाट चिखलाने तुंबला होता. तिने वाकून वाकून बिळे शोधली, पण दिसल्या त्या नुसत्या भेगा. ती लेकीला घेऊन तडक चावडीकडे वळली.

इकडे चावडीवर भांडण जुंपले होते. धुरीवाल्यांचा म्होरक्या रावजी म्हणत होता, चिखलवाल्यांनी पाट बुजवला. चिखलवाल्यांचा म्हादू म्हणत होता, धुरीवाल्यांनी काठ जाळला. शेवटी दोघांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, की सगळे थाळे विहिरीत टाकावेत.

तेवढ्यात हौसाबाई तिथे पोहोचली आणि पुढे झाली. "थाळे टाकलेत तर पुढच्या घुशीला रान मोकळे. चूक थाळ्याची नाही, धुराची नाही आणि चिखलाचीही नाही. कुठे थांबायचे ते सांगणारी फांदी मी मोडीत काढली. माझ्या लेकीचे शेत मीच वाळवले."

हौसाबाईने आपला थाळा जमिनीवर पालथा घातला आणि ती निर्गुडी तोडायला गेली. हाताने काठ चाचपत, धड असेल तिथे ती फांदी रोवत चालली. बाकीचे राखणदारही तिच्या मागून निघाले. फांदी दिसेल तिथे थाळा गप्प राहिला, आग पेटली नाही, नव्या भेगा पडल्या नाहीत. मग म्हादूच्या माणसांनी फावडी घेऊन आपलाच चिखल उपसला, आणि रावजीची माणसेही त्यांच्या मदतीला उतरली.

तिसऱ्या दिवशी वाडीला पाणी पोहोचले. शेवंताचे निम्मे भात गेलेच. निम्मे मात्र तगले, आणि त्याच तांदळाच्या मऊ भाताने बाळाचे उष्टावण झाले. पहिला घास हौसाबाईने भरवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

पुढच्या वर्षी घूस पुन्हा आली. थाळे वाजले, सगळे धावले, आणि संध्याकाळी काठावर निर्गुडी लावून जो तो आपापल्या घरी जेवायला गेला.

मुलांनो, आणि थोरांनोही, असाच एक पाट आपल्या अंगात वाहतो, रक्ताचा. तिथेही थाळे वाजवणारे आहेत. त्यांच्या एकाच हाकेने जखमेची आग होते, सूज येते आणि रक्ताची गुठळीही धरते. आणि अंगाच्या धड भागावर निर्गुडीसारख्या खुणाही असतात, म्हणून तर आपण बरे होतो.

संकटात धावून जाणे हे जेवढे रक्षण, तेवढेच वेळेवर थांबणे हेही रक्षणच.