एक्स्प्लेनचा आखाडा

"एका शब्दावर कुणी दोन तास बोलतं का, वस्ताद? मी बोलले. असला मूर्खपणा माझ्या हातून अगदी नेमानं होतो."

सुलक्षणा मॅडमनी हजेरीचं पुस्तक अमीन वस्तादांच्या बाजेवर ठेवलं. मुलींच्या या तालमीत त्या संध्याकाळी हौसेनं इंग्रजी शिकवत. दहावीला आठ जणी होत्या. नापास झालीस तर कुस्ती बंद, असं आठहीजणींना घरून बजावलं होतं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"कुठला शब्द?"

"एक्स्प्लेन. समजावून सांगा. पेपरात जिथं तिथं तोच. म्हटलं, मुळापासून सांगावं. लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ सपाट करणं. मग त्याच अर्थाची भावंडं सांगितली, एक घडी उलगडणारं, एक उजेड पाडणारं. 'एक्स्प्लेन मी' म्हणायचं नाही, मध्ये 'टू' घालायचा, तेही सांगितलं."

"मग?"

"मग पोरी म्हणाल्या, मॅडम, उत्तरात लिहायचं काय… तुम्ही दुसरी बाई बघा, वस्ताद. माझ्याकडून व्हायचं नाही."

यावर वस्तादांनी 'पोरीच जरा मठ्ठ आहेत' असं म्हणावं, अशी मॅडमची आतून फार इच्छा होती.



वस्ताद उठले आणि आखाड्यापाशी गेले. उरसामुळं कुस्तीला सुट्टी होती, शिकवणी तेवढी चालू; चार दिवस आत कुणी उतरलं नव्हतं. लाल माती बसून ओट्यासारखी घट्ट झाली होती.

"सपाट म्हंजे असं?"

"अगदी असं." मॅडमना उदाहरण भलतंच आवडलं.

"मग पडा बघू त्याच्यावर."

"यावर? हाडं मोडतील माझी."

वस्तादांनी कुदळ पुढं केली.

मॅडमनी पदर खोचला. पहिल्या घावाला माती हललीसुद्धा नाही. दहाव्याला एक ढेकूळ निघालं. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले, आणि एका कोपऱ्यात पाऊल रुतेल इतकी माती मऊ झाली. दमून मॅडम तिथंच मटकन बसल्या.

लागलं नाही.

त्यांनी मूठभर माती उचलून बोटांनी चुरली.

"वस्ताद, उद्या मी काही सांगत नाही. पोरींनीच मला एकेक डाव इंग्रजीत सांगायचा. कसा टाकायचा, का टाकायचा. चुकल्या तर चुकू देत, मऊ मातीत पडल्यासारखं."

वस्तादांनी कुदळ उचलून भिंतीला टेकवली.

"चालेल ना असं?"

"मला कुठं इंग्रजी येतं?"

मॅडमनी मातकट हातानं हजेरीचं पुस्तक उचललं. "मग येऊ ना उद्या?"

"जरा लवकर या," वस्ताद म्हणाले. "अजून तीन कोपरं खणायचं ऱ्हायल्यात."