लाभाचं माप

खोटं हाय ते! साफ खोटं! दगडोबा शेलार चावडीवर सांगतोय म्हनं, "ज्वारी एकट्या तालुका संघालाच घालायची हा कायदा उठला, लई झ्याक झालं. आता ज्यानं त्यानं आपला माल आपल्या मर्जीनं इकावा. रान मोकळं झालं." आरं दगडोबा, मोकळ्या रानात ढोरापाठोपाठ लांडगाबी येतोय, ते कोन सांगनार? समोर असतास तर तोंडावर म्हनलो असतो. न्हाईस. ही पोरं तरी ऐकत्यात.

बसा रं पोरांनो. चुळबुळ बंद. संघ चांगला व्हता असं मी म्हनत न्हाई. चोर व्हता. पन ऐका.

नदीकाठच्या एका रानात एक साळिंदर राहायचं. पाठीवर काटं हे असं, हातभर. सुगी झाली की रानातली समदी आपापला दाना त्याच्या बिळाम्होरच्या खळ्यावर आनून वतायची. दुसऱ्या कुनाला द्यायचा न्हाई, असा नेमच व्हता. नदीच्या गाळाच्या मळीतल्या पोपटाचा टपोरा दाना आन् टेकाडावरच्या तितराचा बारका दाना, एकाच राशीत. नदीपल्याडनं कोल्हा यायचा. दाना घ्यायचा आन् बदल्यात मोहाची वाळली फुलं द्यायचा. पावसाळ्यात घरातला दाना कुजतोय, टेकाडावर चरायला काय ऱ्हात न्हाई, तवा त्या फुलांवर पिल्लं जगायची. कोल्हा लई लबाड. पन एवढी थोरली रास आन् तिच्यावर ते काटं बघितलं की शेपूट खाली घालून भाव इचारायचा.

माप म्हंजी मेलेल्या कासवाची पाठ. पहिलं माप भरलं की साळिंदर 'एक' म्हनायचं न्हाई. आपल्यातबी म्हनत न्हाईत. "लाभ!" म्हनून वरडायचं. ती हाक पार टेकाडापतुर जायची. आन् त्या लाभाच्या मापाची फुलं कुनाच्याच वाट्याची न्हाईत. ज्याचं पीक त्या साली बुडालं, त्याच्या घरट्यात ती जायची. कुनी इचारायचं न्हाई, कुनी उपकार काढायचं न्हाई.

पन बसून खानाऱ्याची नियत फिरती. साळिंदर फुगलं. फुलं आधी सोता खायचं, उरली तर वाटायचं. पोपटानं घरच्यापुरता चोचभर दाना मागं ठेवला, तर त्याच्या पंखात काटा घातला. आन् एका साली तर फुलं बिळात दडवून ठेवली, पावसानं भिजून बुरा धरल्यावर भाईर काढली. तोवर तितराचं एक पिल्लू गेलं. चोच उघडी ठेवून, वाट बघत.

मग चिंचेखाली बैठक बसली. पोपट म्हनला, "माझा दाना मोत्यावानी. ह्या तितराच्या कोंड्यात घालून त्याचा इस्कोट कशापायी? माझा मी इकीन."

तितर उसळला, "कोंडा कुनाला म्हनतोस रं, वाकड्या नाकाच्या? तुझ्या मळीत पानी आपसूक येतंय. टेकाडावर एक कनीस पिकवून दाव, मग बोल!"

"मग जा की! जाऊन त्या साळिंदराच्या पाया पड!"

तितर गपकन थांबला. त्याला ती उघडी चोच दिसली. "पाया?" तो म्हनला, "माझं पिल्लू खाल्लंय त्यानं. मोडा समदं! आजच्या आज मोडा!"

एक म्हातारी खार व्हती. ती म्हनली, "लेकरांनो, साळिंदराला हाकला. मी म्होरं व्हते. त्याच्या जागी दुसरं कुनी बसवा. पन रास आन् माप ऱ्हाऊ द्या."

पोपट म्हनला, "आजे, तुझं दात पडलं. तू आता भाव सांगू नगं." समदी हसली. तितरबी हसला.

साळिंदराला हाकललं, ते झ्याकच केलं. पन रागाला डोळं नसत्यात. तितरानं कासवाची ती पाठ ढकलत ढकलत खळ्याच्या कडंला नेली आन् उतारावरनं सोडून दिली. खाली दगडावर तिची दोन भकलं झाली. समद्यांनी पंख वाजवलं.

पहिल्या सुगीला कोल्हा सरळ पोपटाच्या ढोलीपाशी गेला, फुलांचा ढीग घातला. पोपट टेकाडाकडं बघून वरडला, "बघ रं तितरा! ह्याला म्हनत्यात भाव!" मग कोल्हा तितराच्या झुडपाखाली गेला. शेपूट वर. "तितरबा, तुझा दाना बारका. मला गरज न्हाई, पन तुझ्या पिल्लांची दया येती." चार फुलं टाकली आन् दाना उचलला. फुडल्या सुगीला पोपटाला म्हनला, "तितर फुकटात द्याय बसलाय, तुझं मोती मला कशाला?" तितराला म्हनला, "पोपटानं भाव पाडलाय, मी काय करू?" ह्यानं त्याला इचारलं न्हाई, त्यानं ह्याला इचारलं न्हाई. बोलनंच तुटलं व्हतं. टेकाडावरनं मळी दिसायची, मळीतनं टेकाड दिसायचं, पन मधलं खळं गवतात गेलं.

त्याच्या म्होरल्या साली टेकाडावर पाऊसच न्हाई पडला. तितराच्या घरात मूठभर दाना, तोबी पोचट. पिल्लं चोच उघडून बसली. सुगीचा वारा सुटला की तितराचं कान आपसूक खळ्याकडं फिरायचं. आता हाक येईल. आत्ता येईल. साळिंदराची आठवन त्याला येत न्हवती, मरंना का ते. त्याला रास आठवायची. उफननीचा भुसा समद्यांच्या डोळ्यांत जायचा. चिमन्या राशीवर नाचून शिव्या खायच्या. आपल्या बारक्या दान्यात पोपटाचं हिरवं पीस सापडायचं, त्यावरनं पिल्लं भांडायची. कोन कुनाचा दाना, वळखायला येत न्हवतं. तवा ह्याच गोष्टीचा त्याला राग यायचा. आता त्याचसाठी जीव तुटत व्हता.

एका सकाळी तो उतरला. खळ्यावरचं गवत पायानं उकरलं. उतारावरनं कासवाच्या पाठीचं एक भकल चोचीनं वढत वर आनलं. त्यात आपला पोचट दाना वतला. मापाचा तळबी झाकला न्हाई. मग मान वर केली आन् सगळ्या ताकदीनं वरडला, "लाभ!"

आवाज फाटला. पन गेला. मळीतल्या ढोलीत पोपट आपल्या न इकलेल्या मोत्यांवर बसला व्हता. खालच्या दान्यांला कोंब फुटाय लागलं व्हतं. त्यानं ती हाक ऐकली आन् ढोलीतनं मान भाईर काढली.

तो खळ्यावर आला का न्हाई, ते मला इचारू नका.

तात्पर्य एवढंच, पोरांनो : राखन्या चोर निघाला तर राखन्या हाकला, पन त्याच्या रागापायी आपली रास आन् आपलं माप मोडू नका.

आता उठा. घरी जाऊन बापाला सांगा, उद्या दिवस उगवायला ज्वारी गावच्या खळ्यावर आना. एकच रास घाला, आन् व्यापाऱ्याला तिथंच बोलवा, कुनाच्या दारात न्हाई. आन् जाता जाता दगडोबाच्या दारात थांबून त्यालाबी हाक मारा. जावा.